मोराचा डोळा

"हे ग्राफिक्स कार्ड आता चालणार नाही,"
असं सॉफ्टवेअरनं रात्री पावणेदोनला कळवलं,
नवं व्हर्जन टाकून अर्धा तासही झाला नव्हता.
कळवलं म्हणजे काय,
चौकटीत एक लांबलचक आकडा
आणि खाली 'ओके' एवढं एकच बटण.
नाही म्हणायची सोय नव्हती.

गाजूलांचं लग्न पडद्यावर अडकलं.
अक्षता हवेत.
नवरीच्या मामाच्या मुठीतून सुटलेले तांदूळ
मंडपातल्या पंख्याखाली थबकलेले,
खाली येईनात, परत मुठीतही जाईनात.
नवरी डोळे मिटून वाट बघतेय.
सोमवारी ती सुरतेला निघणार.

सकाळी नव्या पेठेत मुदस्सरकडे गेलो.
"का बे, दोन जीबीच्या कार्डावर फोर-के ओढलालास?
कुत्र्याला नांगर लावल्यागत."
त्यानं कपाटातून एक सेकंडहँड काढलं,
पुण्यात कुणीतरी बिटकॉइनच्या खाणीत
रात्रंदिवस राबवलेलं.
पंख्यांत अजून त्या अनोळखी खोलीची धूळ.
साडेनऊ म्हणाला, आठ हजारांवर आला,
वर चहा त्याचाच.

घरी आणलं तर कॅबिनेटात मावेना.
हार्डडिस्कचा पिंजरा करवतीनं कापला.
मावलं, तर सप्लायला आठ पिनांची वायर नाही.
सप्लाय बदलला, तर ड्रायव्हर बसेना.
जुना ड्रायव्हर बसला,
तर सॉफ्टवेअर म्हणतंय, नवाच पाहिजे.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
आत कॅबिनेटची एक बाजू उघडी
आणि घरातला एकुलता टेबलफॅन
माझ्याकडे पाठ करून त्याला वारा घालतोय.

अप्पा कॉटवर बसून सगळं बघत होते.
अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत
बत्तीस वर्षं जकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडली त्यांनी.
"एमैंदी रा?"
म्हटलं, कार्ड चांगलंय, सॉफ्टवेअर चांगलंय,
दोघांचं जमत नाही.
मला वाटलं, हसतील.

"चारशे हुकाच्या मागावर
सहाशेचा पत्ता चढवला, तर
पत्ता वाईट नसतो. मागही नसतो.
चढवणारा बघून चढवत नाही."

मी स्क्रू शोधत होतो.
तो कॉटखाली गेला होता, तिथूनच ऐकलं:

"एकदा एक भोक राहून गेलं माझ्याकडून.
एवढंसं. मुगाएवढं.
साठ चादरी उतरल्या
तोवर कुणाच्या लक्षात नाही.
प्रत्येक मोर एका डोळ्यानं आंधळा."

"मग?"

"मग काय. गड्ड्याच्या जत्रेत खपल्या सगळ्या.
पांघरणारा झोपतो की,
मोराकडं कोण बघतंय."

पुढं बोलले नाहीत.
तंबाखूची डबी उघडली, बंद केली.
साठ चादरी म्हणजे किती मोर,
ते त्यांना अजून पाठ असावं.

संध्याकाळी नवं व्हर्जन उडवलं,
गेल्या दिवाळीचं टाकलं,
ड्रायव्हरही त्याच सुमाराचा शोधून.
पंखे घरघरले. टाइमलाइन हलली.
तांदूळ पडले,
नवरीच्या मुंडावळ्यांवर, भटजींच्या टकलावर,
आणि मामाची मूठ रिकामी झाली.
रात्रभर लागायचं ते काम
सव्वीस मिनिटांत उतरलं.

पेनड्राइव्हवर घेण्याआधी एकदा पळवून बघितलं.
अक्षतांच्या जरा पुढं
एक फ्रेम हिरवी.
अख्खी हिरवी, सेकंदाचा पंचविसावा भाग.
मागं घेतलं, पुन्हा बघितलं.
आहे.
कार्ड ऐंशीच्या वर तापलेलं, वीज जाऊन येऊन,
गाजूलांचा माणूस खाली गाडीचा हॉर्न वाजवतोय.
लग्नाचा व्हिडिओ पापणी न हलवता
कोण बघतंय.

पेनड्राइव्ह काढला, टोपण लावलं,
उठलो.

"ते हिरवं काय होतं रे?"
कॉटवरून अप्पा.